डबक्यातला पाणभुंगा: नवा की जुना?
बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पावसाळी डबक्याशी जरा थांबा. जेमतेम ५ मिलिमीटरचा तपकिरी पाणभुंगा दिसला तर नीट बघा: मागचं टोक पाण्याबाहेर काढतो, पंखांखाली हवा भरतो आणि मागचे केसाळ पाय वल्ह्यांसारखे एकदम मारत बुडी घेतो.

पुण्याचे कीटक-अभ्यासक हेमंत घाटे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये महाराष्ट्रातून 'कोपेलॅटस' या पाणभुंग्यांच्या ३ नव्या जाती नोंदवल्या. या भुंग्यांत वरच्या टणक पंखांवरच्या रेघा मोजल्या की गट कळतो. जात ठरवायला मात्र नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. तेव्हा मोबाइलच्या फोटोवरून 'बुलढाण्यात नवी जात!' असं जाहीर करू नका, राव. आणि हो, अभयारण्यातून नमुने उचलायला वनखात्याची परवानगी लागते.