बहिणीचा अंगठा

नोंदणी कार्यालयातल्या यंत्राच्या काचेवर आत्यानं अंगठा ठेवला, पण ठसा उमटेना. तीनदा ठेवून झाला. जन्मभर भाताची रोपं उपटून, शेणानं घर सारवून, राखेनं भांडी घासून अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. शेवटी माझ्या वडिलांनी खिशातला रुमाल काढला, तिचा अंगठा लहान मुलाचा पुसावा तसा हळूच पुसला आणि स्वतःच तो काचेवर दाबून धरला. या खेपेला ठसा उठला.

दस्त हक्कसोडपत्राचा होता. परंदवडीच्या शिवारातल्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा ती भावाच्या नावे सोडत होती. मोबदल्याच्या रकान्यात काही नव्हतं. ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ अशी भाषा होती. ती असल्या प्रत्येक दस्तात असते. मुद्रांक तेव्हा २०० रुपयांचा लागे. बाहेर आल्यावर सगळ्यांनी वडापाव खाल्ला, चहा घेतला, वडिलांनी तिला एसटीत बसवून दिलं. या व्यवहाराचा फायदा मला झाला आहे. माझं शिक्षण आणि आमचं घर त्या जमिनीतून उभं राहिलं. म्हणून हा लेख कुणा तिऱ्हाइताचा नाही.

सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की परंदवडी लागतं. पवनेचं खोरं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि चिखलात इंद्रायणी भात. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं. पुढं २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली आणि एकरांत बोलणारी माणसं गुंठ्यांत बोलू लागली. सातबाऱ्यावर बहिणींची नावं वारस म्हणून लागलेली होतीच. त्यांच्याकडं आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. गुंठ्याला भाव आला, तशी ती नावं अडचणीची वाटू लागली. मावळातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीत असा एक दस्त निघेल.

आत्यानं केलं ते योग्य होतं का? आणि आम्ही करून घेतलं ते? या प्रश्नांची उत्तरं शोधत मी काही वर्षं बरंच वाचलं. तीन दिशांची पुस्तकं समोर ठेवली: पश्चिमेची, आपल्या आशियातली आणि तिसरी आशियातलीच पण अगदी अनपेक्षित, फिलिपिन्सची.

पश्चिमेचं आपल्याला सर्वांत ओळखीचं उत्तर म्हणजे पुष्कळांचं पुष्कळ सुख. बेंथम आणि मिल यांनी हा हिशेब मांडला. आमच्या घरात त्याचं देशी रूप असं होतं: जमिनीचे तुकडे झाले तर कुणालाच पोट भरायला पुरणार नाही, एकाच्या हाती राहिली तर घर टिकेल, बहिणी आपापल्या घरी सुखी आहेत, म्हणजे एकंदरीत सगळ्यांचं भलं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहेच, त्यामुळं या बोलण्याला सरकारी पाठबळही मिळे. मात्र ज्या जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून बहिणींनी हक्क सोडले, तीच जमीन पुढं भावांनी गुंठ्यागुंठ्यानं विकली. आमच्या घरीही तेच झालं.

या हिशेबातली खोट मराठीत फार पूर्वी दाखवून झाली आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीनं गीतारहस्य लिहिलं. ते १९१५ मध्ये छापून आलं. आपण त्याला गीतेवरचं भाष्य म्हणून कपाटात ठेवतो, पण पूर्व आणि पश्चिम यांच्या नीतिशास्त्राची इतकी कसून तुलना करणारा दुसरा मराठी ग्रंथ मला माहीत नाही. मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन सगळे त्यात हजर आहेत. टिळकांनी तिथं अमेरिकेतल्या एका शहराचं उदाहरण घेतलं आहे. ट्रामगाडी झाली तर हजारो लोकांची सोय होणार होती. परवानगी लवकर मिळेना, तेव्हा व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोक सुखी झाले, पण प्रकरण उघडकीला येऊन त्याच्यावर खटला झाला. सुखाची बेरीज बरोबर आली म्हणून कृत्य नीतीचं ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते, असं टिळकांचं म्हणणं.

हा हिशेब मावळाला घराबाहेरही भेटला आहे. शेजारच्या मुळशी पेट्यात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. मुंबईला वीज हवी, म्हणून मावळ्यांनी जमिनी द्याव्यात असा तो मामला होता. नव्वद वर्षांनी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी नेण्याची योजना आली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार झाला. तीन जण गेले, त्यात एक बाई होती. शहरात लाखो तहानलेले आहेत आणि खोऱ्यात काही हजार शेतकरी, मग बेरीज कुणाच्या बाजूनं पडणार हे उघड होतं. त्या वेळी आम्ही सगळे एकमुखानं म्हणत होतो, आमचा हिस्सा तुमच्या बेरजेत बुडवू नका. घरात बहिणीचा हिस्सा आम्ही त्याच बेरजेत बुडवला होता, हे त्या गर्दीत माझ्या मनात आलं नाही. फार नंतर आलं.

टिळकांची कसोटी मी वडिलांना लावून पाहिली. त्यांची बुद्धी मलिन नव्हती. बहिणीवर त्यांचा जीव होता, तो रुमाल खोटा नव्हता. तिच्या दोन्ही बाळंतपणांना त्यांनी उसनवारी करून खर्च केला होता. बुद्धी शुद्ध होती, तरी तिच्या हातून जमीन गेली आणि आमच्या हाती आली. टिळकांविषयी मला अतोनात आदर आहे. पण करणाऱ्याची बुद्धी पाहणारी कसोटी ज्याच्या वाट्याला ते कृत्य येतं त्याच्याकडं पुरेसं पाहत नाही, असं मला इथं वाटलं.

कांटची कसोटी त्याच्याकडं पाहते. १७८५ च्या ग्रंथात तो सांगतो की कुठल्याही माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. हक्काची आपली भाषा या मुशीतून आली आणि मराठीत ती कांटचं नाव न घेताही आली. जोतीरावांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्त्री आणि पुरुष दोघेही सारख्या हक्कांचे धनी आहेत. बाबासाहेबांनी मुलींच्या वारसाहक्कासह हिंदू संहिता विधेयक मांडलं आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढं १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये अविवाहित मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतले हिस्सेदार, केलं, २००५ मध्ये ते देशभर सर्व मुलींना लागू झालं आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असण्याची गरज नाही.

इतकं पक्कं झालं, तरी हक्कसोडपत्रं थांबली नाहीत. कायदा हक्क देतो आणि दिलेला हक्क सोडायचीही मुभा ठेवतो. सोडताना बाईच्या मनात काय चालतं, ते कायद्याच्या भाषेत मावत नाही.

ते आशियातल्या जुन्या पुस्तकांत थोडं मावतं. आधी तुलनेला पश्चिमेतला एक प्रसंग: प्लेटोच्या एका संवादात युथिफ्रो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालेला असतो आणि सॉक्रेटिस त्याला थांबवून पवित्र म्हणजे काय हे विचारतो. कन्फ्यूशियसपुढं असाच प्रसंग येतो: बापानं मेंढी चोरली आणि मुलानं साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडं बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो आणि सरळपणा त्यातच आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला लबाडीचं वाटलं होतं. आत्याकडं पाहिल्यावर कळलं की हे अगदी आमच्या घरचं आहे. भावाला कोर्टात खेचणं तिला सरळपणाचं वाटलंच नसतं. जपानी तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की त्यांच्या भाषेतला माणसाचा शब्द, निंगेन, ‘माणूस’ आणि ‘मधलं अंतर’ या दोन अक्षरांचा आहे. माणूस दोघांच्या मधे घडतो. माहेर हे असंच मधलं ठिकाण. गौरीला यायचं, जत्रेला यायचं, भाऊबीजेला ताट घेऊन उभं राहायचं. हे मधलं ठिकाण तुटलं तर गुंठे घेऊन करायचं काय?

मात्र माझा प्रश्न नेमका पकडला तो फिलिपिनो विचारवंतांनी. तिथल्या रोजच्या बोलण्यातले काही शब्द ऐका. ‘उतांग ना लोओब’, म्हणजे आतलं ऋण. पैशांनी न फिटणारे उपकार. ‘हिया’, म्हणजे लाज, संकोच. ‘पाकिकिसामा’, म्हणजे चारचौघांशी जुळवून घेणं. मावळातल्या कुठल्याही म्हातारीला हे तिन्ही समजावून सांगावे लागणार नाहीत. आमच्याकडं त्यांना उपकार, लाज आणि भीड म्हणतात. अमेरिकी जेझुइट मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिंच यांनी १९६०च्या दशकात मांडलं की फिलिपिनो माणसाला संबंध गुळगुळीत ठेवायचे असतात आणि हीच त्याची मूल्यं.

याला खोडून काढलं व्हर्जिलियो एन्रिकेझ यांनी. ते फिलिपिन्स विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. आपल्या लोकांचं मन आपल्याच भाषेतल्या शब्दांनी अभ्यासायचं, अशी चळवळ त्यांनी १९७०च्या दशकात उभी केली. १९९४ मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं असं की भीड, लाज, उपकार ही वरवरची मूल्यं आहेत. वसाहतवाल्यांना सोयीची म्हणून तीच पुढं केली गेली. गाभ्याचा शब्द वेगळाच आहे: ‘काप्वा’. दुसऱ्याशी असलेलं एकपण. तो मीच, अशी जाणीव. मराठीत जवळचा शब्द माणुसकी. तिथं माणसांच्या दोन जाती: ‘इबांग ताओ’ म्हणजे परका आणि ‘हिंदी इबांग ताओ’ म्हणजे परका नसलेला. (त्यांच्या भाषेत ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’. मला हे वाचताना मौज वाटली.) आपणही असंच म्हणतो, तो काय परका आहे का?

एन्रिकेझ यांनी आणखी एक गोष्ट केली. जुळवून घेणाऱ्या मूल्यांच्या शेजारीच त्यांनी झगडणारी मूल्यं मांडली: काळजातली हिंमत आणि ‘पाकिकिबाका’, म्हणजे खांद्याला खांदा लावून लढणं. न्याय, ‘कातारुंगान’, हाही त्यांच्या मांडणीत त्याच गाभ्यातून निघतो. नातं मानतो म्हणून भांडायचं नाही, हे त्यांना मान्य नाही. काप्वा मानत असाल तर त्यासाठी कधी उभंही राहावं लागतं.

आपल्या म्हणीनं हे अर्धं सांगून ठेवलं आहे: भीड भिकेची बहीण. लहानपणापासून ही म्हण मी उधारी मागणाऱ्यांवरून ऐकली. तिच्यात बहीण आहे, हे माझ्या लक्षात यायला पन्नाशी उलटली. भीड आणि माणुसकी आम्ही एकच समजत आलो. आवणीला सावड करताना, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, तेव्हा दोघंही देतात आणि दोघांनाही मिळतं, ती माणुसकी. बहिणीनं हिस्सा सोडायचा आणि भावानं साडी-चोळी करायची, यात देणंघेणं सावडीसारखं दिसतं खरं, पण एकीकडं एकर आहे आणि दुसरीकडं लुगडं. आपली भाषा या शब्दांनी भरलेली असताना त्यांच्यावर एन्रिकेझसारखं कुणी जन्म वाहून काम केलं नाही, याची मला फार खंत वाटते. गीतारहस्यात निष्काम कर्म आहे, पण आत्याच्या भिडेला मराठी शास्त्रात घर नाही.

पश्चिमेतही एका बाईनं याच जागी बोट ठेवलं होतं. कॅरल गिलिगन यांनी १९८२ च्या पुस्तकात अकरा वर्षांची दोन मुलं उभी केली. मरणाऱ्या बायकोसाठी औषध चोरावं का, या प्रश्नावर मुलगा हक्कांचं गणित मांडतो. मुलगी म्हणते, औषधवाल्याशी नीट बोलून पाहावं. त्या काळच्या मोजपट्टीवर मुलीचं उत्तर कच्चं ठरत होतं. गिलिगन म्हणाल्या, कच्ची मोजपट्टी आहे. आणि पुढं त्या म्हणाल्या ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: नातं जपण्याची परिपक्व पायरी ती, जिथं जपायच्या माणसांत बाई स्वतःलाही धरते. आत्यानं भावाला धरलं, भाच्याला धरलं, माहेराच्या देव्हाऱ्यालासुद्धा धरलं. त्या यादीत ती स्वतः नव्हती. आणि तिला त्या यादीत घालणं हे आमचं काम होतं, कारण ‘पाकिरामदाम’ नावाचा आणखी एक शब्द एन्रिकेझ यांच्याकडं आहे: समोरच्यानं न बोललेलं ओळखणं.

वडील गेल्यानंतर मी तिला एकदा विचारलं, “आत्या, तेव्हा द्यावंसं वाटलं होतं का गं तुला?”

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. “देती का म्हणून कुणी इचारलंच नाय रं. सही कुठं करायची तेवढं दाखवलं.” थोड्या वेळानं म्हणाली, “इचारलं असतं तरी दिलं असतं म्या. पर इचारायचं तरी.”

दर दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडून तिला एक पोतं तांदूळ जातो. आजोबांपासूनची रीत आहे. पूर्वी खाचरातला नवा इंद्रायणी, तागाच्या पोत्यात, तोंड सुतळीनं शिवलेलं. खाचर विकल्यापासून मी तळेगावच्या दुकानातून घेतो. पहिल्या वर्षी ते नायलॉनचं छापील पोतं मी तिच्या ओसरीवर उतरवलं. तिनं शिवण उसवली, मूठभर तांदूळ हातात घेऊन नाकाशी नेला आणि परत पोत्यात सोडला. काही बोलली नाही. आत जाऊन माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं.