ठाण्यात, पण ठाण्यासारखा नसलेला कोपरा

पोलीस ठाण्यात एक जागा अशी हवी की तिथे बसलेल्याला आपण ठाण्यात आहोत असे वाटता कामा नये. वाचताना खोटे वाटेल, पण बाल न्याय कायद्याखाली केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या आदर्श नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची विचारपूस करायची ती अशाच जागी. समोर बसणारा पोलीस साध्या कपड्यांत हवा, गणवेशात नको. बेड्या घालायच्या नाहीत, कबुलीसाठी जोर करायचा नाही, कुठल्याही जबाबावर मुलाची सही मागायची नाही. आई-वडिलांना कळवायचे, आणि ते शेजारी बसू शकतात. गुन्हेगाराला धाक वाटावा म्हणून जे जे काही पोलिसाला दिले जाते, ते सारे या मुलासमोर बाजूला ठेवायचे.

हा नियम मुंबईला जितका लागू, तितकाच सेलूला. सेलू म्हटले की मराठवाड्यातल्या वाचकाला परभणी जिल्ह्यातले सेलू आठवेल. हे वर्धा जिल्ह्यातले. नागपूरहून वर्ध्याकडे येताना लागणारे तालुक्याचे गाव, भोवती कपाशी आणि सोयाबीन, तालुक्यात केळझरचा गणपती, बोर धरण आणि देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेला बोर. अशा गावातल्या ठाण्यापर्यंत मुलांशी कसे बोलावे याचा कायदा पोहोचणे, ही जगाच्या हिशेबाने पाहिले तर मोठी गोष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी बाल न्यायासाठी जे ‘बीजिंग नियम’ मंजूर केले, त्यांतला बारावा नियम सांगतो की मुलांशी वारंवार संबंध येणाऱ्या पोलिसांना खास शिक्षण द्यावे आणि मोठ्या शहरांत त्यांची वेगळी पथके असावीत. नियम करणाऱ्यांच्या नजरेसमोर मोठी शहरे होती. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम १०७ त्यापुढे गेले. प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदाराच्या हुद्द्याहून खाली नसलेला निदान एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा आणि प्रत्येक जिल्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली विशेष बाल पोलीस पथक असावे, असे ते म्हणते. पथकात दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक स्त्री. ठाण्यातला तो अधिकारी निवडताना कायद्याने प्रशिक्षणाच्याही आधी ‘कल’ पाहायला सांगितले आहे. ज्याला पोरांशी बोलायला मुळातच आवडत नाही, त्याला वर्गात बसवून फारसे साधत नाही, हे मसुदा लिहिणाऱ्या कुणाला तरी ठाऊक असावे.

इथवर यायला शंभरेक वर्षे लागली. इंग्रजी अमलात मुलांसाठीचे कायदे प्रांताप्रांतांनी वेगवेगळे केले: मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये. वर्धा तेव्हा मुंबईकडे नव्हते, मध्य प्रांतात होते, आणि मध्य प्रांताचा बाल कायदा १९२८ चा. हे कायदे न्यायालय आणि सुधारगृह यांच्याबद्दल बरेच बोलत. मुलाला प्रथम पकडणाऱ्या शिपायाने त्याच्याशी कसे वागावे, हा त्यांचा विषयच नव्हता. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी मुले मोठ्यांच्या तुरुंगात दिसत राहिली. मुंबईच्या मुक्त पत्रकार शीला बारसे यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे बजावले. जवळजवळ साऱ्या देशाला लागू होणारा पहिला बाल न्याय कायदा त्याच वर्षी आला. विशेष बाल पोलीस पथकाची कल्पना २००० च्या कायद्यात शिरली आणि २०१५ मध्ये पक्की झाली. आज मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही, आणि ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे नेणे भाग आहे.

मग या अधिकाऱ्याला शिकवायचे काय? कलमे तर पाठ होतात. खरे शिक्षण सुरू होते ते किशोरवयाच्या डोक्यात काय चालते, इथून. विचार करून पाऊल उचलायला लावणारा मेंदूचा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पिकत राहतो; भीती, राग, मित्रांसमोरची इभ्रत यांना तत्काळ प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र त्याच्या खूप आधी जोरात असते. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात डेबोरा युर्गेलन-टॉड यांनी प्रौढांना आणि किशोरांना भ्यालेल्या माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. प्रौढांनी भीती अचूक ओळखली. किशोरांपैकी अनेकांना त्याच चेहऱ्यांत राग दिसला, कुणाला धक्का. पुढच्या संशोधनाने या निष्कर्षाला बरेच बारकावे जोडले, पण प्रशिक्षणाच्या वर्गात हा प्रयोग आजही सांगितला जातो, कारण ऐकणाऱ्या पोलिसाला त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. रात्री गस्तीवर दमलेला, त्रासलेला हवालदार चौकात उभ्या पोरांकडे पाहतो. त्याच्या मनात राग नसेलही. पोराला तो दिसू शकतो. पोरगा पळतो. पळाला म्हणजे काहीतरी केले असणार, असा निष्कर्ष पोलीस काढतो आणि पाठलाग सुरू होतो. अशा कितीतरी प्रकरणांच्या मुळाशी गुन्हा नसतोच, असतो तो फक्त हा पाठलाग.

म्हणून अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने पोलीस आणि तरुण यांच्या संवादासाठी खास अभ्यासक्रम आखला, आणि ‘स्ट्रॅटेजीज फॉर यूथ’ ही संस्था पोलिसांना किशोरांचा मेंदू समजावून सांगण्याचे वर्ग घेते. त्यांत शिकवले जाते ते ऐकायला अगदी साधे आहे. आवाज खाली आणा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. मित्रांच्या घोळक्यात पोराचा पाणउतारा करू नका, बाजूला घ्या. घोळक्यात त्याला माघार घेता येत नाही. का थांबवले ते आधी सांगा, मग प्रश्न विचारा. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल पोलिसांनी १९४९ मध्येच मुलांसाठी संपर्क अधिकारी नेमले होते, आणि न्यूझीलंडमध्ये १९५७ पासून पोलिसांची वेगळी बाल शाखा आहे. कल्पना नवी नाही, तिच्यामागचे मेंदूचे ज्ञान नवे आहे.

आपल्याकडे या बोलण्याची सुरुवात बहुधा ‘काय बे, कुठला तू?’ने होते. विदर्भात ‘बे’ दोस्तीतही चालतो, त्यामुळे सगळे सुरावर अवलंबून. ‘बाळा, नाव काय तुझं? घरी कोण आहे?’ असे विचारायला वेगळे पैसे लागत नाहीत. पण दुसरे एक काम पोलिसाला शिकावेच लागते: वय ठरवणे. मिशी फुटली म्हणजे मोठा, हा ठाण्यातला जुना हिशेब कायद्याला चालत नाही. आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला पाहायचा, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. गावाकडे जुन्या काळी गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख ठोकून दिलेली असे, तिच्यावर आजही लोकांचे सेवानिवृत्तीचे हिशेब चालतात. हीच तारीख कधीकधी पोर कोठडीत जाणार की नाही हे ठरवते.

किरकोळ किंवा मध्यम गंभीर प्रकरणात, गुन्ह्यात मोठी माणसे सामील नसतील तर, मुलावर प्राथमिक माहिती अहवाल नोंदवायचाच नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा: घरात कोण कमावते, शाळा का सुटली, मारहाण होते का, व्यसन आहे का. माझ्या मते साऱ्या प्रशिक्षणाचा गाभा हा अहवाल आहे. तो भरायचा तर पोलिसाला मुलाच्या घरी जावे लागते, आईशी बोलावे लागते, शिक्षकांना भेटावे लागते. अर्थात मधला एखादा शब्द बदलून तोच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवता येतो, आणि मग अहवाल असूनही त्यातले मूल कुठेच दिसत नाही.

वर्धा जिल्ह्यात हा अहवाल बऱ्याचदा दारूपाशी येऊन थांबेल. गांधीजी आणि विनोबा यांचा जिल्हा म्हणून इथे कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे, आणि बंदी आहे म्हणून चोरटी दारू आहे. मोहाच्या भट्ट्या उद्ध्वस्त करायच्या धाडी हा इथल्या पोलिसांच्या कामाचा नित्याचा भाग. दारूच्या धंद्यात मुलांचा वापर करून घेणे बाल न्याय कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे; पिशवी पोहोचवणारा पोरगा त्यात आरोपी कमी आणि बळी जास्त. धाडीच्या धांदलीत हा फरक ओळखणे कठीण असते, आणि नेमके तेच त्या अधिकाऱ्याचे काम. पारधी बेड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलांचा प्रश्न आणखी जुना. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये कागदावर मुक्त झाल्या. चोरी झाली की आधी बेड्यावर जायचे, ही सवय मात्र कायद्याबरोबर रद्द झाली नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा उभी केली. पोलीस प्रशिक्षणार्थींना एखादा दिवस अशा शाळेत बसवले, तर मेंदूवरच्या दोन व्याख्यानांची बचत होईल, असे मला वाटते.

शिकवणाऱ्यांची आपल्याकडे तशी वाण नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून ठाणी, न्यायालये आणि तुरुंग यांच्या उंबरठ्यावर काम करतो. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही त्याच संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये सुरू केली; आता ती सरकार चालवते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. दिल्लीच्या ज्या राष्ट्रीय संस्थेत बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांचे वर्ग होतात, तिला २०२५ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. उलट दिशेने, मुलांना पोलिसांची ओळख करून देणारी स्टुडंट पोलीस कॅडेट योजना केरळने २०१० मध्ये सुरू केली आणि २०१८ मध्ये ती देशभर नेली गेली. आठवी-नववीची मुले तीत ठाणे आतून पाहतात.

तरीही वर्ग भरवले म्हणजे वागणे बदलते असे नाही, आणि याचा उत्तम पुरावा दोन प्रयोगांत आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लॉरेन मॅझेरोल आणि सहकाऱ्यांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या तपासणी नाक्यांवर पोलिसांना बोलण्याचा एक मसुदा दिला: का थांबवले ते सांगणे, चालकाचे म्हणणे विचारणे, आभार मानणे. एरवी अर्ध्या मिनिटात आटोपणारी भेट दीड मिनिटाच्या आसपास गेली, आणि तेवढ्याने लोकांचे पोलिसांविषयीचे मत सुधारले. स्कॉटलंडने तोच प्रयोग करून पाहिला, तर विश्वास उलट घटला. सारा मॅक्वीन आणि बेन ब्रॅडफर्ड यांनी कारण शोधले. वरून हुकूम आला, पण का ते कुणी नीट समजावले नाही, आणि आपलेच खाते आपल्याशी न्यायाने वागत नाही अशी अधिकाऱ्यांची भावना होती. ती भावना रस्त्यावरच्या बोलण्यात उतरली.

महाराष्ट्रात हे लगेच पटावे. ज्या शिपायाशी वरिष्ठ ‘तू’ने बोलतात, ज्याला सुट्टीसाठी चार टेबलांपुढे उभे राहावे लागते, त्याला चौकातल्या पोराशी ‘बाळा’ने बोलायला शिकवणे अवघड आहे. २०१६ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी एका शिपायाच्या सूचनेवरून देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू केली. तिचा मुलांशी काही संबंध आहे असे तेव्हा कुणी म्हटले नाही. मला तरी तो दिसतो: बारा-चौदा तास उभा असलेला माणूस बालमानसशास्त्राचा कुठलाही वर्ग विसरतो. तालुक्याच्या ठाण्यात तर कायद्याने फक्त मुलांसाठी म्हणून नेमलेला अधिकारीच गणपतीच्या बंदोबस्ताला, समन्स बजावायला आणि धाडीलाही जातो, आणि रुळतो न रुळतो तोच त्याची बदली होते. ठाणेदाराने त्याला तेवढा वेळ मोकळा ठेवला, तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल झाला असे समजावे.

मुले आणि पोलीस यांच्यात आणखी एक नाते आहे. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे दिसतात, ती पोलीस भरतीची तयारी करत असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मग लेखी. शिपाई व्हायला बारावी आणि वयाची अठरा वर्षे पुरी हवीत. म्हणजे ज्याला आज साध्या कपड्यांतला अधिकारी कोपऱ्यात बसवून विचारपूस करतो, तो दोन वर्षांनी त्याच खात्याच्या मैदानावर उभा असू शकतो. त्याची वाट अडू नये याची काळजी कायद्याने घेतली आहे. कलम २४ नुसार, सर्वसाधारणपणे, बालपणी झालेल्या चुकीमुळे पुढे कुठलीही अपात्रता येत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या असतात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवडल्या गेलेल्या एका तरुणाची नेमणूक अल्पवयातल्या जुन्या प्रकरणामुळे अडवली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यातूनच जातो, म्हणून बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याइतकेच तो कागद भरणाऱ्या कारकुनालाही हे कलम शिकवावे लागते.