टिळकांचा ‘देवाचा दरबार’

देवळाली प्रवऱ्याच्या शेजारी, राहुरीला, विसाव्या शतकाच्या आरंभी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे बिऱ्हाड होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. या टिळकांनी उभी केलेली एक संस्था जेमतेम दोन वर्षे चालली. तिचे नाव ‘देवाचा दरबार’.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांचे आयुष्य गेले. मात्र धर्म बदलला तरी तुकोबा सुटले नाहीत. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्याच वाटेने पोचलो, असे ते सांगत.

नगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा टिळकांच्या आधीपासून होती. कृष्णराव सांगळे हे त्यातले ठळक नाव. तरीही उपासनेत परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरे गायली जात. पाश्चात्त्य चालीचा आघात ठरलेल्या जागी पडतो. मराठी शब्द त्यात कोंबला की ऱ्हस्वाचा दीर्घ होतो आणि अर्थ लंगडतो. अभंगात ही अडचण येत नाही. थोरल्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. बुवांनी ध्रुपद म्हटले की टाळकरी ते उचलतात. ज्याला अक्षरओळख नाही, तोही दुसऱ्या फेरीला गाऊ लागतो. टिळकांनी ख्रिस्तभक्ती याच साच्यात ओतली; ‘अभंगांजली’ हे त्याचे फळ.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून इथे एकत्र यावेत, हा त्यांचा आग्रह. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबाराचा आधारच गेला.

टिळकांनी अभंगातून केली तशी, लोकांच्या तोंडची चाल भक्तीला लावण्याची धडपड इतरत्रही दिसते. जमैकात १९५० च्या दशकाअखेर ‘स्का’ संगीत जन्मले: गिटारीचा ठोका दोन मात्रांच्या मधे, जोडीला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. अमेरिकेतल्या ख्रिस्ती तरुणांनी ते आपलेसे केले. त्यांपैकीच डेन्व्हरचा ‘फाइव्ह आयर्न फ्रेन्झी’ हा बँड १९९५ मध्ये निघाला, २००३ मध्ये थांबला आणि २०११ मध्ये पुन्हा उभा राहिला. असे गट माणसांच्या जिवावर चालतात, म्हणून त्यांचे आयुष्य बहुधा थोडे असते. गाणे टिकते ते ऐकणाऱ्याला स्वतः म्हणता आले तर.

टिळकांचे गाणे टिकले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. दरबाराला अपयशी म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. त्याचे काम रविवारच्या उपासनेत चालू आहे.

चिंता चालींची आहे. छापील पानावर शब्द राहतात. ध्रुपद कुठे उचलायचे, टाळ कुठे थांबवायचा, हे जुन्या गाणाऱ्यांच्या गळ्यातच असते. राहुरी-देवळाली परिसरातल्या तरुणांनो, मोबाइल तुमच्या खिशातच आहे. आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना गायला बसवा आणि त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित करून ठेवा.