घरी शिवायचं की केंद्रावर जायचं? आधी हिशेब मांडूया



गटाच्या मासिक बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, की हल्ली एक विषय हमखास निघतो. तालुक्याच्या गावी शिलाई केंद्रावर कामाला जायचं, की घरीच मशीन टाकून नगावर काम घ्यायचं? एक ताई म्हणते, "घरी बसून चार पैसे मिळतायत, तर एसटीचे धक्के कशाला खायचे?" दुसरी म्हणते, "घरी बसलं की ना धड घर होतं, ना धड काम." दोघींचंही खरं आहे. पण मशीनसाठी गटातून कर्ज काढायचं असेल, तर नुसत्या खरं-खोट्यावर भागत नाही. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. काम मात्र दर महिन्याला येईलच असं नाही. म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करायच्या आधी वही-पेन घेऊन बसू. मी शिलाईचं उदाहरण घेते. पापड, मसाले, गोधड्या, काहीही असलं तरी हिशेबाची रीत हीच.

हातात किती उरतं?

समजा, केंद्रावर दिवसाला ३५० रुपये मिळतात. घरी नगावर काम केलं, तर एका परकराला २५ रुपये, दिवसाला आठ परकर, म्हणजे २०० रुपये. आपण इथेच थांबतो आणि म्हणतो, केंद्र बरं, दीडशे रुपये जास्त. पण दिसतं तसं नसतं.

आधी केंद्राचं बघू. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. तरी येऊन-जाऊन ४० रुपये धरा. स्टँडपासून केंद्रापर्यंत वडापची रिक्षा, दोन्ही वेळचे २०. चहाचे १०. झाले ७० रुपये. हातात उरले २८०. आता वेळ बघा. काम आठ तासांचं, पण सकाळी साडेआठला घर सोडलं ते संध्याकाळी साडेसहाला दारात. म्हणजे दहा तास गेले. २८० भागिले १०, तासाला २८ रुपये पडले.

आता घरचं बघू. २०० रुपयांतून दोऱ्याचे १० काढा. मशीनची मोटर साधारण शंभर वॅटची. पाच तास चालली तर अर्धं युनिट. इस्त्री हजार वॅटची. अर्धा तास चालली तरी अर्धं युनिट. मिळून एक युनिट, त्याचे ८ रुपये धरा. सुई, तेल, पट्टा, कारागिराकडची दुरुस्ती यांचे रोजचे ८ बाजूला ठेवा. कापड आणायला आणि माल द्यायला आठवड्यातून दोन खेपा, त्यांचा खर्च १२०. सहा दिवसांत वाटला तर रोजचे २०. एकूण ४६ रुपये गेले. उरले १५४. वेळ? पाच तास मशीनवर. पण नाडा ओवणं, दोरे कापणं, इस्त्री, घडी, मोजणी याचा एक तास आपण कधी मोजतच नाही. म्हणजे सहा तास. १५४ भागिले ६, तासाला साडेपंचवीस रुपयांच्या थोडं वर.

बघा, साडेतीनशे आणि दोनशे यांत केवढं अंतर दिसत होतं. तासावर आणलं तर अडीच रुपयांच्या आतबाहेर. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावाचं अंतर, तुमचा नगाचा दर घालून बघा. घर पुढे जाईल किंवा केंद्र पुढे जाईल, पण निदान खरं काय ते कळेल.

वहीत न बसणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी अशा हिशेबात सहज धरता येत नाहीत. घरी काम करणारीला काम असेल तेव्हा रात्रीचे अकरा वाजतात, आणि ऑर्डर संपली की मशीनवर कापड टाकून ठेवावं लागतं. शिलाई उसवली म्हणून नग परत आला, तर तो दुरुस्त करायचे पैसे कोणी देत नाही. आणि बाई घरीच आहे म्हटल्यावर पाहुण्यांचा चहा, दळण, भावकीतलं बोलावणं, सगळं तिच्याच वाट्याला येतं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. मिरची-मसाल्याचं काम असेल तर ठसका घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान लेकराला बसतो, तो वेगळाच.

केंद्रावर जाणारीचीही दुखणी आहेत. गाडी चुकली की अर्धा खाडा. लेकरू आजारी पडलं की पूर्ण खाडा. शेवटच्या गाडीची धास्ती दुपारी तीनपासूनच सुरू होते. आणि घरी आल्यावर चूल वाट बघतच असते.

पण बाहेर पडण्याचा एक फायदा आहे, तो पैशात मोजता येत नाही. तालुक्याला जाणाऱ्या बाईला बाजारभाव कळतो. दुसऱ्या गावच्या बाईला नगाला काय मिळतं ते कळतं. बँकेत स्वतःचं पासबुक स्वतः भरून आणते. घरी बसलेल्या बाईला दर सांगतो तो माल देणारा, आणि तिला तो मान्य करावा लागतो, कारण विचारायला शेजारी कोणी नसतं. एकटी बाई दर ठरवू शकत नाही. कमी पैशांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, घरात नव्हे.

ही गोष्ट फक्त आपल्या गावाची नाही. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत 'सेवा' ही संघटना उभी केली, ती घरी बसून काम करणाऱ्या आणि फेरीवाल्या बायकांसाठीच. अशा संघटनांनी लावून धरलं, तेव्हा १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्याचं सांगणं सोपं आहे: काम घरात केलं म्हणून ते कमी प्रतीचं होत नाही, घरी काम करणारीलाही इतर कामगारांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे.

मधला रस्ता

घर की केंद्र, हे दोनच रस्ते आहेत असं नाही. लिज्जत पापड तुम्ही सगळ्यांनी खाल्ला असेल. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांची पद्धत नीट बघा. पीठ केंद्रावर मळलं जातं, म्हणजे सगळ्यांच्या पापडाची चव एकच. बहिणी ते पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवतात. दुसऱ्या दिवशी पापड केंद्रावर आणतात, तिथे तपासणी आणि वजन होतं, लाटणावळ मिळते आणि नवीन पीठ घेऊन त्या घरी जातात.

यात घरी काय ठेवलं? वेळ. सकाळी लाटा, दुपारी लाटा, लेकरू झोपल्यावर लाटा. आणि केंद्रावर काय ठेवलं? चव, तपासणी, वजन आणि पैसा. बाई घरी असूनही एकटी नाही, कारण रोज ती इतर बहिणींना भेटते आणि दर सगळ्यांना एकच असतो.

शिलाईतही हे जमतं. कापड कापणं आणि शेवटची तपासणी एका जागी, शिलाई घरोघरी. कटिंग एकाच हातचं असलं की मापात फरक पडत नाही, आणि नग परत येणं कमी होतं.

दुसरा मार्ग म्हणजे गावातच एक खोली. महिन्याला हजार रुपये भाडं असेल आणि दहा जणी असाल, तर प्रत्येकीला शंभर. महिन्याचे २५ दिवस काम धरलं, तर रोजचे चार रुपये. एसटी आणि रिक्षाचे ६० रुपये आणि दोन तास वाचतात. दार लावून बसलं की भावकीचं बोलावणंही आत येत नाही. ग्रामपंचायतीकडे रिकामी खोली असेल, तर ग्रामसंघाच्या ठरावाने मागून बघा.

ठरवण्याआधी पाच कामं

पहिलं, आठवडाभर वही ठेवा. काम किती तास, प्रवास किती, खर्च किती. मोजणी आणि इस्त्रीचा वेळही लिहा.

दुसरं, नगाचा दर घड्याळ लावून ठरवा. एक जलद शिवणारी, एक मध्यम, एक नवीन, अशा तिघींकडून एक-एक नग शिवून घ्या. मधलीला जेवढा वेळ लागतो, त्यावर दर मागा. सगळ्यात जलद बाईच्या वेगावर दर मान्य केला, तर बाकीच्या कायम तोट्यात राहतात.

तिसरं, दर आणि परत आलेल्या नगाचा नियम कागदावर घ्या. माल दिला की तारीख, संख्या आणि सही. तोंडी हिशेब भांडणात जातो.

चौथं, खाण्याचा पदार्थ विकत असाल, तर तो घरच्या स्वयंपाकघरात केला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि तो नंबर पाकिटावर छापावा लागतो. घरच्या मीटरवर मशीन चालवायची असेल, तर महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

पाचवं, काम येण्याआधी मशीन घेऊ नका. तीन महिन्यांचं काम हातात दिसत असेल आणि महिन्याचा हप्ता घरात उरणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसेल, तरच अर्ज करा.

शेवटी एक सांगते. प्रत्येक घराची अडचण वेगळी. अंगावर पिणारं लेकरू आहे, सासू अंथरुणाला आहे, ती ताई बाहेर जाऊ शकत नाही. एखादीला चार भिंतींतून बाहेर पडणं हाच मोठा आधार असतो. म्हणून गटाने सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नये. कोणी घरी शिवेल, कोणी खोलीवर, कोणी तालुक्याला जाईल. पण गटाच्या कामाचा दर घरी शिवणारीला आणि खोलीवर शिवणारीला एकच असावा, आणि "ती काय, घरीच तर असते" हे वाक्य गटाच्या बैठकीत कोणी बोलू नये.

पुढच्या बैठकीला येताना वहीचं पान भरून आणा. सगळ्यांची पानं एकत्र वाचा, मग ठरवा.