गुणसूत्रे मोजणारा तंत्रज्ञ

दवाखान्यात दंडाला रबरी पट्टी बांधून रक्त काढतात, नळीवर चिठ्ठी चिकटवतात आणि आपण घरी येतो. पुढे त्या नळीचे काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. हिमोग्लोबिन, साखर, मलेरिया ह्या तपासण्या जवळपासच होतात आणि कागद लवकर हातात पडतो. परंतु आज ज्या तपासणीविषयी आपणांशी बोलायचे आहे, तिचा कागद यायला दोन-तीन आठवडेही लागतात. इतके दिवस का, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर ज्याच्या हाती असते, तो डॉक्टर नसतो. तो असतो प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ.

समजा, गेवराईकडच्या एखाद्या खेड्यातले जोडपे आहे. दोन-तीन वेळा दिवस राहिले आणि गर्भ टिकला नाही. घरात बोट सुनेकडे जाते, हे काय मी सांगायला हवे? पण डॉक्टर सांगतात, दोघांचेही रक्त तपासू. अशा शंभर जोडप्यांपैकी साधारण दोन ते पाच जोडप्यांत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गुणसूत्रांत एखादा तुकडा जागा बदलून बसलेला सापडतो. माणूस स्वतः धडधाकट असतो, दोष उतरतो तो गर्भात. ह्यासाठी नळ्या दोन जातात, आणि त्या जातात पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरी.

बाकीच्या पुष्कळ तपासण्यांना पेशी मेल्या तरी चालते. हिला त्या जिवंत लागतात. नळी बर्फात गोठली, उन्हात तापली किंवा रक्त साकळले, की काम फुकट. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन कसे असते, हे बीडकरांना सांगणे नको. म्हणून नळी पाठविणाऱ्याची काळजी ही निम्मी तपासणीच म्हणायची.

आता गंमत पाहा. गुणसूत्रे एरवी दिसत नाहीत. पेशी एकीच्या दोन होऊ लागली, की तेवढ्यापुरती ती आखडून जाड होतात आणि नजरेस पडतात. रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसते, म्हणून त्या निरुपयोगी. आणि पांढऱ्या पेशी रक्तात फिरताना सहसा दुभंगत नाहीत. मग त्यांना जागे कसे करायचे? त्यासाठी जो पदार्थ घालतात, तो राजम्याच्या जातीच्या दाण्यातून काढलेला असतो! तो आणि पोषक द्रव घालून नळी ३७ अंशांच्या उबेत, म्हणजे अंगाच्याच उबेत, सुमारे ७२ तास ठेवतात. तिसऱ्या दिवशी पेशी दुभंगू लागल्या, की त्यांना मध्येच थांबवायचे. थांबविणारे औषध कोल्चिसिनच्या कुळातले. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुले येणारी कळलावी असते ना, तिच्या विषारी कंदात हेच कोल्चिसिन असते.

पुढची पायरी क्षाराच्या पातळ पाण्याची. त्यात पेशी भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टम्म फुगतात आणि आतली गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होतात. ही युक्ती अमेरिकेत टी. सी. ह्सू यांच्या प्रयोगशाळेत द्रावण चुकून पातळ झाल्यामुळे सापडली. १९५२ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तोवर तीसएक वर्षे शास्त्रज्ञ माणसाची गुणसूत्रे ४८ धरून चालले होते. पाठ्यपुस्तकांतही तेच. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथून त्यियो आणि लेवान यांनी नीट मोजून सांगितले, ४६ आहेत. आणि १९५९ साली फ्रान्समध्ये लज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत एकविसावे गुणसूत्र एक जास्त असते. नीट मोजण्याला किती मोल आहे, ते ह्यावरून दिसते.

मग काचेवर थेंब टाकायचा, वाळवायचा, रंगवायचा. रंग घेतात म्हणून जुन्या पुस्तकांत ह्यांना रंगसूत्रे म्हणत. मला तो शब्द अजून आवडतो. हजारपट मोठे दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकावर आडवे काळे-पांढरे पट्टे उमटतात. तंत्रज्ञ सहसा वीस पेशी तपासतो. प्रत्येकीत ४६ मोजायची, जोड्या लावायच्या, पट्टा न् पट्टा ताडून पाहायचा. हल्ली संगणक चित्रे मांडून देतो, पण अमुक तुकडा जागेवर नाही हे शेवटी माणसाचा डोळाच ठरवतो. आणि दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, तर सारे कौशल्य पाण्यात.

त्या ४६ तली शेवटची जोडी म्हणजे क्ष आणि य यांची. बाईच्या पेशीत दोन क्ष, पुरुषाच्या पेशीत एक क्ष आणि एक य. आईजवळ द्यायला य नाहीच. तो येतो बापाकडून. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना ही रंगवलेली काच एकदा दाखवावी, असे मला फार वाटते.

गर्भजलातल्या पेशींची तपासणी आली ती आजार ओळखण्यासाठी. पण त्याच काचेवर मुलगा की मुलगी हेही दिसते, आणि आपल्या देशात १९७० नंतरच्या दशकात लोकांनी नेमके तेच विचारायला सुरुवात केली. महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्याने ह्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. पुढे हे पाप सोनोग्राफीने अधिक स्वस्त केले. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ८९४ होत्या. २०११ मध्ये ८०७, राज्यात सर्वांत कमी. आकडा आपल्या जिल्ह्याचा आहे, गुरुजी, वर्गाच्या हजेरीत तो दिसला असेल.

कायद्याने गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा दुसऱ्या कोणत्याही रीतीने सांगण्यास मनाई आहे. शिक्षा डॉक्टरला तशी तिथे नोकरी करणाऱ्या तंत्रज्ञालाही: पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ज्याला रोज दिसते, त्यानेच गप्प राहायचे! ओळखीचा माणूस येतो, "फक्त हसून सांगा, तोंडाने नको," म्हणतो. हे हसणेसुद्धा गुन्हाच आहे.

आपल्या वर्गातल्या मुलामुलींना ही वाट दाखवायची, तर बारावीला विज्ञान हवे. पुढे प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाची पदविका वा पदवी, किंवा जीवशास्त्राची पदवी आणि मग ह्या शाखेचे खास शिक्षण. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय पाहायला एकदा सहल न्यावी. पण पहिल्या नंबरचीच मुले हेरू नका. वहीत तारीख घालायला न विसरणारी, मोजताना कंटाळा न करणारी आणि दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवणारी अशी एखादी मुलगी मागच्या बाकावर बसलेली असते, तिला विचारा.