स्थलांतरितांच्या मुलांची फेलोशिप आणि घणसोली गावातली आपली मुलं

गेल्या काही दिवसांत घणसोली गावातल्या तीन-चार पालकांनी आम्हाला मोबाईलवर एकच मेसेज दाखवला. 'स्थलांतरितांच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी ९० हजार डॉलर.' सगळ्यांचा प्रश्नही एकच होता: "आपण पण गाव सोडून आलेलेच ना? मग आमच्या मुलीला मिळेल का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घणसोली हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले आणि कामाच्या मागे माणसं आली. मराठवाडा, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार अशा सगळीकडून. आमच्या वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुलांचं 'गाव' दुसरीकडेच आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

मेसेज खरा, पण कुणासाठी?

अमेरिकेत 'पॉल अँड डेझी सोरोस फेलोशिप फॉर न्यू अमेरिकन्स' नावाची फेलोशिप आहे. हंगेरीतून तिथे जाऊन स्थायिक झालेल्या एका दांपत्याने ती १९९७ मध्ये सुरू केली. दरवर्षी ३० जण निवडले जातात आणि दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त ९० हजार डॉलर मिळतात. अमेरिकेचे माजी सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती हेही या फेलोशिपचे मानकरी. त्यांचं कुटुंब मूळचं कर्नाटकातलं.

पण ही फेलोशिप अमेरिकेत वसलेल्या स्थलांतरितांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी आहे. ग्रीन कार्ड मिळालेले, नागरिकत्व घेतलेले, आश्रय मिळालेले, किंवा तिथेच जन्मलेले पण ज्यांचे आई-वडील दोघेही परदेशातून आले असे विद्यार्थी अर्ज करू शकतात. वय ३० च्या पुढे नसावं आणि शिक्षण अमेरिकेतल्याच विद्यापीठात हवं. इथून नुकताच विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा त्यात बसत नाही. कुणाचे मामू किंवा खाला तिकडे कायमचे राहत असतील, तर त्यांच्या मुलांपर्यंत मात्र हा मेसेज जरूर पोहोचवा.

या अर्जातली एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. त्यात दोन निबंध लिहावे लागतात. एकात स्थलांतरित म्हणून आलेला अनुभव, दुसऱ्यात पुढे काय करायचंय आणि त्यासाठी हेच शिक्षण का, ते. म्हणजे घर कुठून कुठे आलं, हे तिथे लपवायचं नसतं, समजावून सांगायचं असतं.

आपल्या मुलांसाठी काय आहे?

पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. ती २०२२-२३ पासून बंद केल्याचं सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. आजही काही पालक तिचाच फॉर्म विचारत येतात. त्यात वेळ घालवू नका.

आज उघडे असलेले मुख्य दरवाजे असे:

पहिला, यूजीसीची जेआरएफ. नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये, पुढे ४२ हजार. वयाची मर्यादा ३० असली तरी मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. निकाह झाला, मध्ये खंड पडला, म्हणून मुलींनी हा विषय सोडून देऊ नये.

दुसरा, 'महाज्योती'. नागपूरची ही सरकारी संस्था ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या संशोधकांना फेलोशिप देते. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा राज्याच्या ओबीसी यादीतल्या मुस्लिम बिरादरींचाही त्यावर हक्क आहे.

तिसरा, राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती. शिवाय बार्टी-सारथीच्या धर्तीवर 'मार्टी' स्थापन करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. या दोन्हींच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, फॉरवर्ड मेसेजवर जाऊ नका.

अर्ज अडतो तो कागदावर

आमची एक माजी विद्यार्थिनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला प्रवेशही मिळाला. तिचे अब्बा परभणी जिल्ह्यातून इथे आले, फळांची गाडी लावतात. घर बागवान. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम'. मुलगी ओबीसीत मोडते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कागदावर मात्र कुठेच नव्हतं.

महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. आणि दाखला मिळतो तो त्या वेळी कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून. आज घर घणसोलीत आहे म्हणून ठाण्यात अर्ज करून भागत नाही. अब्बांनी गाडी बंद ठेवून गावी तीन फेऱ्या मारल्या. शेवटी दादांच्या शाळेतली नोंद सापडली, पण ती होती उर्दूत. निजामाच्या राजवटीत परभणी हैदराबाद संस्थानात होतं आणि दप्तर उर्दूत चालायचं. नोंदीत 'बागबान' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचून दाखवलं तेव्हा अब्बांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भाषांतर, मग दाखला. तोवर त्या वर्षीची मुदत निघून गेली होती.

हुशारीत ती कुठेच कमी नव्हती. गेलं ते एक अख्खं वर्ष, तेही एका रकान्यामुळे.

म्हणून पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. मूल दहावीत असतानाच हे करून ठेवा:

– शाळेच्या दाखल्यात, आधारवर आणि मार्कशीटवर नाव एकाच पद्धतीने आहे का पाहा. एकीकडे 'मोहम्मद', दुसरीकडे 'मोहद', तिसरीकडे नुसतं 'मो.' असेल तर आत्ताच दुरुस्त करा. मोठा बदल असेल तर राजपत्रात नोंद करावी लागते.

– आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद मिळवून ठेवा. सुट्टीत गावी जाताच, तेव्हाच हे काम करा.

– अधिवास दाखल्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. शाळेचे दाखले, जुनी लाईट बिलं, भाडेकरार फेकू नका.

– उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मुदतीतला आहे का, दरवर्षी तपासा.

यूपी-बिहारहून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांना महाराष्ट्राच्या ओबीसी सवलती मिळत नाहीत. पण वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून इथे स्थलांतरित म्हणून दाखला मिळू शकतो आणि तो केंद्राच्या सवलतींसाठी चालतो. त्यासाठी बिरादरी मूळ राज्याच्या केंद्रीय ओबीसी यादीत हवी. म्हणजे महाज्योती नाही, पण जेआरएफमध्ये ओबीसीची सवलत घेता येते.

निबंधात काय लिहायचं?

आपली मुलं इथे दोन चुका करतात. एक तर घराबद्दल काहीच लिहीत नाहीत, लाज वाटते. नाहीतर नुसतं रडगाणं लिहितात: 'आम्ही गरीब आहोत, वडिलांनी फार कष्ट केले.' शेकडो अर्जांत हेच वाक्य असतं. वाचणाऱ्याला त्यातून उमेदवार काही कळत नाही.

त्याच विद्यार्थिनीचा पहिला मसुदा असाच होता. आम्ही विचारलं, "हाच विषय का घेतलास?" ती म्हणाली, "अब्बा पहाटे वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून माल आणायचे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत त्यातला किती सडायचा, ते मी रोज मोजायचे." फळ जास्त दिवस टिकावं म्हणून त्यावर द्यायच्या खाण्याजोग्या लेपावर तिला काम करायचंय. आम्ही म्हटलं, हेच लिही. अब्बांची गाडी, सडलेला माल, तुझा प्रश्न आणि तू आजवर प्रयोगशाळेत काय केलंस. घराची वाटचाल आणि संशोधन एका धाग्यात आलं की अर्ज उभा राहतो.

शिफारसपत्रासाठी गुरुजनांना किमान महिनाभर आधी सांगा. सोबत आपल्या कामाचं एक पान द्या. नगरसेवकाच्या पत्रापेक्षा प्रयोगशाळेत तुम्हाला पाहिलेल्या प्राध्यापकाचं पत्र जास्त मोलाचं. मुलाखतीत एखादी गोष्ट येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला कचरू नका. उर्दू माध्यमातून आलात हेही सरळ सांगा. तीन भाषांत वाचता येणं ही जमेची बाजू आहे.

त्या विद्यार्थिनीने यंदा पुन्हा अर्ज केलाय. निकाल यायचा आहे, दुआ करा. तिचा धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याच्या दाखल्यावर मात्र आता 'मुस्लिम बागवान' अशी नोंद झाली आहे. आपल्या घरातल्या मुलांचे दाखलेही आज रात्री कपाटातून काढून एकदा वाचून पाहा.