घराच्या क्रमांकाची लादी

पुण्याहून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पारनेर तालुक्यांत, सुपा हें गांव लागतें. औद्योगिक वसाहत झाल्यापासून गांवाभोंवतीं नवीं घरें उठलीं आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. जुन्या गांवांत घराची ओळख माणसावरून होत असे. अमक्यांच्या वाड्यामागें, तमक्या सुताराच्या शेजारीं, एवढी खूण टपालवाल्यास पुरत असे. कामासाठीं परगांवाहून आलेल्या कुटुंबास अशी खूण सांगतां येत नाहीं. रात्रीं दोन वाजतां १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलाविली आणि ती गल्लीच्या तोंडाशीं येऊन थांबली, तर चालकास बॅटरीच्या उजेडांत वाचतां येईल असा आंकडा दारापाशीं असणें हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाहीं.

ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदवहींत, म्हणजे नमुना ८ मध्यें, प्रत्येक मिळकतीस क्रमांक दिलेला असतो. तोच दारावर रंगानें किंवा पत्र्याच्या तुकड्यावर लिहिलेला आढळतो. रंग कांहीं उन्हाळ्यांत उडतो, पत्रा गंजतो. चिनी मातीच्या लादीवर भट्टींत पक्का केलेला आंकडा मात्र फिका पडत नाहीं, कारण त्याचा रंग धातूंच्या भस्मांचा असतो. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा. तो झिलईबरोबर वितळून तिच्याशीं एकजीव झालेला असतो. बाजारांत भट्टींत न घालतां नुसत्या रंगविलेल्या लाद्याही याच नांवानें खपतात. त्यांचा आंकडा नखानें खरवडला तरी निघतो. घेतांना एवढी परीक्षा करावयास हरकत नसावी.

क्रमांकाच्या लादीची रीत गोव्यांत चांगली रुजलेली आहे. पणजीच्या फोंतेन्हास भागांतून हिंडतांना निळ्या-पांढऱ्या, हातानें रंगविलेल्या लाद्या भिंतींत बसविलेल्या दिसतात. त्यांवर घराचें नांव किंवा क्रमांक आणि कडेनें वेलबुट्टी. पोर्तुगीज भाषेंत या लादीस अझुलेजु म्हणतात. शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ घांसून गुळगुळीत केलेला दगड. पणजीच्याच मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनांत जोर्ज कोलासो या चित्रकाराच्या लाद्यांचीं १९३५ सालचीं मोठीं चित्रें आहेत, परंतु त्यांच्यावर छप्पर आहे. रस्त्यावरच्या क्रमांकाच्या लादीस तें सुख नाहीं. वर्षाकाठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या मुलखांत ती उघड्यावर असते.

सुपा पर्जन्यछायेंतलें गांव. पाऊस थोडा, म्हणून येथें लादी अधिक टिकेल असा समज सहज होतो. पण तो खरा नव्हे. लादी पडते ती पावसाच्या परिमाणानें नव्हे, तर तिच्या पाठीमागें राहिलेल्या पोकळीनें. गवंड्याची नेहमींची घाईची रीत अशी कीं, लादीच्या चार कोपऱ्यांना सिमेंटच्या मालाचे चार गोळे आणि मध्यें एक गोळा लावावयाचा, लादी भिंतीवर दाबावयाची, आणि कडा सिमेंटनें पुसून घ्यावयाच्या. पुढून काम सुरेख दिसतें. मागें मात्र गोळ्यांच्या मधून रिकामी जागा राहते. वरच्या कडेला केसाएवढी चीर पडली कीं भिंतीवरून ओघळणारें पाणी तींत शिरतें, आणि पुढून झिलई असल्यामुळें तें सुकून बाहेर पडत नाहीं. या पाण्यांत विरघळलेले क्षार सुकतांना स्फटिक होऊन फुगतात. ज्याला लोणा लागणें म्हणतात तें हेंच. जयपुरी निळ्या कामाची लादी यास विशेष बळी पडते. ती साध्या मातीची नसून मुख्यतः गारेच्या भुकटीची असते, कमी आंचेवर भाजलेली असते, आणि पाणी शोषून घेते. दिसावयास तिच्याइतकी सुंदर लादी दुसरी मिळणें कठीण. पण तिची जागा पडवीच्या आंत.

उन्हाचाही दोष सांगितला जातो. तो किती, हें मोजून पाहण्यासारखें आहे. पंधरा सेंटिमीटर लांबीची लादी, आणि उन्हाळ्यांतल्या दुपारच्या व पहांटेच्या भिंतीच्या तपमानांत चाळीस अंशांचा फरक धरला, तर लादी सुमारें ०.०४ मिलिमीटर वाढते आणि सिमेंटचा गिलावा सुमारें ०.०६५. दोहोंतला फरक केसाच्या जाडीहूनही कमी. भरीव बैठक असली तर तो सहज सोसला जातो. परंतु सगळा भार पांच गोळ्यांवर असला, आणि हीच ओढाताण दररोज चालली, तर एकेक गोळा सुटत जातो. मग जूनमधल्या पहिल्या वळवानें तापलेली भिंत एकाएकी निवते, आणि लादी ओट्यावर पडते. त्या वेळीं ओट्यावर मूल खेळत नव्हतें, एवढेंच नशीब म्हणावयाचें.

तेव्हां बैठक भरीव हवी. पण ती किती कठीण असावी, यांत मतभेद होतो. सिमेंट जितकें अधिक तितकें काम पक्कें, ही समजूत सर्वत्र आहे, आणि याच समजुतीनें बरींच कामें बिघडलीं. फार सिमेंटाचा माल सुकतांना आकसतो व चिरतो. बैठक लादीपेक्षां मऊ असावी हा जुन्या कारागिरांचा नियम. ताण आला तर माल थोडा लवावा, लादी फुटूं नये. बीदरला महमूद गवानाच्या १४७२ सालच्या मदरशावरील लाद्यांचें काम अंशतः अजून शाबूत आहे, तें सिमेंट जन्मास येण्यापूर्वींचें. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट १८२४ सालचें. सुप्याहून दूर जावयास नको असेल तर अहिल्यानगरजवळचा, १५८३ सालीं पुरा झालेला निजामशाही फराहबाग पाहावा. चुन्याचा जाड गिलावा तेथें अजून भिंतींना धरून आहे.

आजचें घर सिमेंटच्या गिलाव्याचें असतें, म्हणून तडजोड करावी लागते. पाणी शोषणाऱ्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या लादीसाठीं एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग धुतलेली वाळू असा माल चांगला. लादी आधीं पाण्यांत भिजवून, वरचें पाणी निथळूं देऊन मग लावावी. कोरडी लादी मालांतलें पाणी ओढून घेते व माल भुसभुशीत होतो. व्हिट्रिफाइड लादी मात्र अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाहीं. तिला हा माल धरत नाहीं. तिच्यासाठीं बाहेरच्या भिंतीस चालणारा लादीचा तयार गोंदच घ्यावा. भारतीय मानक १५४७७ मध्यें या गोंदांचे प्रकार दिले आहेत, व पिशवीवर तो प्रकार छापलेला असतो.

नवें घर असेल तर गिलावा चालू असतांनाच लादीच्या मापाहून किंचित् मोठा लांकडी ठोकळा बसवून खाच ठेवावी. तयार भिंतीवर आधीं बोटाच्या पेरानें ठोकून पाहावें. आवाज पोकळ आला तर तो गिलावाच विटेपासून सुटलेला आहे. त्याला लादी चिकटविणें व्यर्थ. काळ्या मातींत पाया असलेल्या घराची भिंत उन्हाळ्या-पावसाळ्यांत हलते; तिच्यावर जुनी तड असेल तर तडेपासून दूरची जागा निवडावी. खाच कापतांना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून तोंडानाकावर चांगली पट्टी हवी. खाच झाडून, ओली करून, मागें पूर्ण माल पसरावा. लादीच्या पाठीसही पातळ थर द्यावा. ती किंचित् हलवीत दाबली म्हणजे कडांनीं माल बाहेर येतो. आला नाहीं, तर लादी काढून पुन्हां बसवावी. पाणसळ लावून पाहण्याचें काम माल ओला असतांना दोन मिनिटांचें असतें, मागाहून छिन्नीचें. चोहोंकडे तीन-चार मिलिमीटरची दर्ज ठेवून ती दोन दिवसांनीं लवचिक भरणानें बुजवावी. वरची दर्ज सर्वांत काळजीनें. शोभेसाठीं भोंवतीं उंच पट्टी काढली तर तिच्या माथ्यास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.

एक अडचण उरते. गांव वाढलें कीं मिळकतींची फेरआकारणी होते आणि क्रमांक बदलूं शकतो. भिंतींत कायमची गाडलेली लादी मग खोटें बोलूं लागते, आणि रात्रीं आलेल्या माणसास नसलेल्या क्रमांकापेक्षां चुकीचा क्रमांक अधिक फसवितो. यासाठीं प्रत्येक आंकडा निराळ्या लहान लादीवर करून घेणें शहाणपणाचें. चुन्याच्या बैठकींतून, दर्ज पातळ पात्यानें कापल्यावर, एकच आंकडा काढून दुसरा बसवितां येतो. गोंदानें चिकटविलेली लादी अशी सुटत नाहीं, फुटते. भाड्याच्या खोल्यांवर तर लोखंडी चौकटींत लादी बसवून चौकट स्क्रूनें भिंतीस लावणें हेंच सोयीचें.

माल चुन्याचा असेल तर आठवडाभर वरून ओलें पोतें सोडून ठेवावें. पहिला पावसाळा संपल्यावर लादी पुन्हां एकदां बोटानें ठोकून पाहावी. आवाज भरीव आला तर कांहीं करावयाचें नाहीं; पोकळ आला, तर ती सुटून पडण्याची वाट न पाहतां, गवंडी जवळपास कामावर असेल त्याच आठवड्यांत उतरवून घ्यावी.